चारशे दोन मीटरचं मंडळ

पौडच्या एसटी स्टँडसमोर साबीर मणेरचं दुकान आहे. पाटीवर 'मणेर रेडियम आर्ट' असं लिहिलेलं आहे. दुकानात रेडियम नाही. असतं तर साबीर अडतीस वर्षांचा झाला नसता. पण आपल्याकडे गाडीवर चिकटणाऱ्या कुठल्याही चकचकीत कागदाला रेडियम म्हणतात आणि तो कापून देणाऱ्याला रेडियमवाला. मुळशी तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांवर कुणाच्या आईचा आशीर्वाद आहे आणि कुणाच्या मामाची कृपा, हे साबीरच्या हाताखालून गेलेलं आहे. आकड्यांतून 'दादा' वाचता येईल अशा नंबरप्लेटीही तो पूर्वी करून द्यायचा. मग सरकारने सगळ्यांना एकसारख्या प्लेटा सक्तीच्या केल्या आणि तालुक्यातले दादा एका फटक्यात नुसते चार आकडे होऊन बसले. धंदा तेव्हापासून जरा बसलाय.

दुकानात कामाची वाटणी सरळ आहे. संगणकावर अक्षरं मांडायची ती परवीनने, म्हणजे साबीरच्या बायकोने. मशीनवर कापायची आणि गाडीवर चिकटवायची ती साबीरने. परवीनला ऱ्हस्व-दीर्घ कळतं आणि गिऱ्हाइकांना ते कळत नाही, यावरून दुकानात रोज थोडी बोलाचाली होते. "आशिर्वाद ऱ्हस्व शि पायजे," असं म्हणणाऱ्याला ती म्हणते, "मग आशीर्वादच घेऊ नका, नुसतं फूल लावा."

दुसऱ्यांची नावं लावण्यात आयुष्य चाललेल्या या माणसाला स्वतःचा असा एकच नाद आहे, तो म्हणजे ड्रॅग रेस. हा खेळ समजावून सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत तो संपतो. सरळ पट्टी, दोन गाड्या, समोर दिव्यांचा खांब. हिरवा लागला की सुटायचं आणि चारशे दोन मीटरवरची रेघ दुसऱ्याच्या आधी ओलांडायची. वळण नाही, चढ नाही, डावपेच जवळजवळ नाहीत. रस्त्यावर असलं काही केलं तर पोलीस उचलतात, आणि बरोबर करतात. म्हणून वर्षातून एकदा घाटमाथ्यावरच्या एका खासगी धावपट्टीवर रीतसर शर्यती भरतात. त्या पट्टीवर विमान क्वचित उतरतं. त्यामुळे तिचा खरा उपयोग डिसेंबरातल्या त्या दोन दिवसांतच होतो, असं साबीरचं मत आहे.

गाडी वडिलांची. बाबालाल मणेर यांनी तीस वर्षं बांगड्यांचा धंदा केला, त्यातली बावीस या टू-स्ट्रोक आरएक्स मोटारसायकलवर. मागच्या सीटवर बांगड्यांच्या पेट्या बांधून ते मुठ्यापासून नांद्यापर्यंत बाजार करायचे. चाळीस डझन नेल्या आणि रस्त्यात एक फुटली नाही, हे ते अजून सांगतात. त्या गाडीचं आता सीट कापलंय, मडगार्ड काढलंय, आरसे नाहीत, दिवा नाही आणि सायलेन्सरच्या जागी पोटातून सुटलेल्या आतड्यासारखं एक नळकांडं आहे. बाबालाल स्टँडच्या कट्ट्यावर बसून कुणालाही सांगतात, "पयलं मी हिच्यावर सकाळी मुठ्याला जायचो आन् सांजच्याला धंदा करून घरी. आता आमचा साबीर हिच्यावर बसून चौदा सेकंदांत कुटंच जात न्हाई, आन् त्यासाटी वरीसभर राबतोय."

चौदा नाही, तेरा पॉइंट नऊ. साबीर दर वेळी दुरुस्ती करतो. या खेळात दशांशाला जेवढा मान आहे, तेवढा गावात सरपंचालाही नाही.

यंदा मात्र गाडं अडलं. शर्यत भरवणाऱ्यांनी नियम कडक केले. प्रत्येकाचा स्वतःच्या मापाचा, अंगभर चामड्याचा सूट पाहिजे. ढगळ किंवा उसना चालणार नाही. साबीर आजवर तळेगावच्या एका मित्राचा सूट आणायचा. तो मित्र सूट घेऊन दुबईला गेला. तिथे त्या उकाड्यात चामड्याचं काय काम, ते त्याने कळवलं नाही. नव्या सुटाची किंमत साबीरने परवीनला एकदाच सांगितली. ती संगणकावर कुणाचं तरी 'सातबारा किंग' सरळ रेषेत बसवत होती. हात न थांबवता म्हणाली, "यंदा घरातला एक रुपया त्या गाडीला न्हाई. दुसरा कुणी देत आसंल तर खुशाल पळवा, मी आडवी येणार न्हाई. दिवाळीपतुर कुणी न्हाई दिला, तर ऋषिकेश मागतोय त्याला देऊन टाका."

ऋषिकेश म्हणजे भुकूमच्या माऊली शेठचा मुलगा. माऊलींची सात एकर आता बारा मजली झाली आहे. पोरगा वृत्तीने वाईट नाही, शर्यतीतला सोबतीच. पण जुन्या टू-स्ट्रोक आता कारखान्यातून निघत नाहीत, आणि साबीरच्या आरएक्सचं इंजिन किती निगुतीने ठेवलंय हे त्याला माहीत होतं. "साबीरभाई, घाई नाय," तो म्हणायचा. "फक्त दुसऱ्याला नाय द्यायची." त्याला प्रायोजक शोधायची गरज नव्हती. जमीनच प्रायोजक झाली होती.

साबीरने हे शेखरला सांगितलं. शेखर म्हणजे दुकानामागच्या गॅरेजचा मिस्त्री आणि शाळेपासूनचा दोस्त. गाडीचं इंजिन तोच बांधतो.

"स्पॉन्सर बघ की मग," शेखर म्हणाला.

"मला कोण देतंय?"

"का, ट्रॅकवर समद्यांच्या गाडीवर हायेत. ऑइलवाले, टायरवाले, प्लगवाले."

"ते समदे मीच कापलेत, शेखऱ्या."

हे खरं होतं. धावपट्टीवर दिसणाऱ्या कंपन्यांच्या चिन्हांपैकी बरीचशी पौडला, साबीरच्या मशीनवर जन्मलेली होती. पोरं स्वतःच्या खिशातून पैसे देऊन ती लावून घ्यायची, कारण त्याशिवाय गाडी शर्यतीची वाटत नाही. कंपन्यांना ही पोरं जगात आहेत याचीही कल्पना नव्हती. फुकट जाहिरात करून घ्यायला कंपनीने हात पुढे करावा, असं कारणच उरलं नव्हतं.

तरी साबीर हललाच. आणि हलला तो आपल्याकडे कुठल्याही कामासाठी हलतात तसाच: थेट तहसील कचेरीबाहेर, कोंडाजींच्या टेबलापाशी. कोंडाजी तिथे तीस वर्षं अर्ज टाइप करतात. वारसनोंद असो, रेशनकार्ड असो की बांधावरचं भांडण, त्यांच्याकडे एकच साचा आहे आणि तो सगळ्यांना बसतो. "विषय काय घालू?" त्यांनी विचारलं. साबीरने जरा विचार केला. फ्लेक्सवर ज्याने खर्च केला त्याच्या नावाआधी काय असतं ते त्याला ठाऊक होतं. असे शेकड्यांनी फ्लेक्स त्याच्या दुकानातून गेले होते. म्हणाला, "सौजन्य."

अर्ज असा झाला: 'विषय: ड्रॅग रेस या क्रीडाप्रकाराकरिता सौजन्य मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करितो की, सदर अर्जदार हा मौजे पौड येथील कायमचा रहिवासी असून चारशे दोन मीटर अंतर चौदा सेकंदांचे आत पार करितो. तरी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' सोबत आधार कार्डाची झेरॉक्स, रहिवासी दाखला आणि गाडीचा एक फोटो. पिरंगुटच्या कारखान्यांत जाऊन साबीरने असे पाच अर्ज दिले आणि पाचांची पोच घेतली. चार कंपन्यांचा अर्जाशी संबंध पोचीवर संपला. पाचवीतून आठ दिवसांनी फोन आला की येऊन घेऊन जा.

कंपनीचं नाव अभेद्य गॅस्केट्स. इंजिनाच्या दोन भागांमध्ये जो पातळ थर बसवतात, म्हणजे आतला दाब आणि तेल बाहेर येऊ नये, त्याला कंपनी गॅस्केट म्हणते आणि गॅरेजवाले पॅकिंग. साबीर इस्त्रीचा शर्ट घालून गेला. गेटवरच्या वॉचमनने न विचारताच सांगितलं, "वर्गणी का? डावीकडं, बंडोपंत."

बंडोपंत प्रशासन विभागात होते, पण बावीस वर्षांत त्यांच्याकडे प्रशासनाचं एकच काम उरलं होतं. आजूबाजूच्या अकरा गावांतून गणपती, नवरात्र, जयंत्या, दहीहंडी आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ क्रिकेटचे चषक यांची मंडळं यायची. त्या सगळ्यांना चहा, दोन गोड शब्द आणि ठरलेली रक्कम देऊन ते वाटेला लावायचे. साबीरचा अर्ज त्याच ट्रेमध्ये पडला होता.

"पावतीपुस्तक," बंडोपंत मान वर न करता म्हणाले.

"ते न्हाई, साहेब."

"विसरलात?"

"विसरलो न्हाई. छापलंच न्हाई."

बंडोपंतांनी मान वर केली. "मंडळ कोणतं तुमचं?"

"मंडळ न्हाई साहेब. मी एकटाच हाय."

"एकट्याला वर्गणी देता येत नाही हो. किमान एक अध्यक्ष आणि एक खजिनदार लागतो. भांडायला तरी."

"मला वर्गणी नगंच हाय, साहेब," साबीर म्हणाला. "सौजन्य पायजे."

बंडोपंतांनी चष्मा पुसला आणि अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्या ट्रेमधल्या कागदाच्या वाट्याला हे सुख बहुधा पहिल्यांदाच येत होतं. "सदर अर्जदार हा चारशे दोन मीटर अंतर चौदा सेकंदांचे आत पार करितो," ते मोठ्याने म्हणाले. "बरं. पुढे?"

"पुढं थांबतो, साहेब."

"तसं नव्हे. पुढे कंपनीला काय?"

"नाव लावतो की. टाकीवर, मोठ्या अक्षरात."

"चौदा सेकंदांसाठी." बंडोपंतांनी अर्ज खाली ठेवला. "हे बघा मणेर, वर्गणी दिली की कंपनीला शांतता मिळते. गेट मोकळं राहतं, स्पीकरचं तोंड दुसरीकडे वळतं. तो सरळ व्यवहार आहे. सौजन्य दिल्यावर काय मिळतं, ते तुम्हीच सांगायला हवं. मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

साबीरला हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. कोंडाजींच्या साच्यात त्याला जागाच नव्हती. तरी तो म्हणाला, "गाडी पळती चौदा सेकंद, साहेब. पर उभी ऱ्हाती दोन दिवस."

"म्हणजे?"

"म्हंजी तितं प्रेक्षक नसतात. समदे मिस्त्रीच. आपली गाडी पळवून झाली की दुसऱ्याच्या गाडीपाशी वाकून बसत्यात. कार्बोरेटर कुठला, प्लग कुठला, पॅकिंग कुठलं." शेवटचा शब्द बोलून झाल्यावर त्याचा त्यालाच तो नीट ऐकू आला. "पॅकिंगचं तर लई विचारत्यात."

"मग तुम्ही कुठलं घालता?"

"माझं मीच कापतो."

अर्जाच्या पिशवीत, रहिवासी दाखल्यामागे एक पॅकिंग होतं. चांगला नमुना म्हणून जपलेलं, सिलिंडरच्या बुडाशी बसणारं, तळहाताएवढं. साबीरने ते टेबलावर ठेवलं. ज्या मशीनवर तो लोकांचे दादा आणि मामा कापायचा, त्याच मशीनच्या पात्याने तो गॅस्केटचा कागद कापत होता. आकार परवीनने संगणकावर मांडलेला. पातळ, मधलं आणि जाड अशा तीन जाडीत तो ते करायचा, कारण जाडी केसभर बदलली तरी सिलिंडर वर-खाली होतो आणि इंजिनचा दम बदलतो. बंडोपंतांना यातलं काही कळलं नाही. पण न कळणारी वस्तू कुणाकडे पाठवायची ते त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी फोन करून डिझाइन विभागातल्या शुभांगी मॅडमना बोलावलं.

शुभांगी तिशीतली इंजिनिअर होती. तिने पॅकिंग उजेडात धरलं, भोकांच्या कडांवरून नख फिरवलं, खिशातून कॅलिपर काढून चार ठिकाणी जाडी मोजली. "डाय कुणी बनवली? कापायचा साचा?"

"डाय न्हाई मॅडम. रेडियम कापायचं मशीन हाय."

"रेडियम?"

"नंबरप्लेटचं."

तिने बंडोपंतांकडे पाहिलं. "असं पात्याचं कटिंग मशीन मी दोन वर्षं मागतेय. मुंबई ऑफिस म्हणतं गरज सिद्ध करा. नमुन्याचं एक गॅस्केट काढायला आम्हाला तीन आठवडे डाय बनवावी लागते, आणि हे एसटी स्टँडसमोर..." तिने वाक्य सोडून दिलं. "किती टिकतं हे?"

"रस्त्यावर लई टिकतं. ट्रॅकवर जाड टिकतं, पातळ फुटतं. कवा फुटंल ते मातर मी ल्हून ठेवलेलं न्हाई."

"लिहून ठेवाल? मुंबईला गरज दाखवायला होईल."

"आमची मंडळी ठेवतील. त्यांचं अक्षर बरं हाय."

तिथून पुढचा प्रश्न सौजन्य द्यायचं की नाही हा नव्हता. ते कुठल्या खात्यातून द्यायचं हा होता. जाहिरातीचं खातं मुंबईला. "तिथे हा अर्ज पाठवला, तर उत्तर येईपर्यंत पेट्रोलवर चालणारी जगातली शेवटची गाडी तुमची असेल," बंडोपंत म्हणाले. "वर्गणीचं खातं मात्र माझ्या सहीचं आहे. आणि वर्गणी वस्तुरूपानेही देता येते. ढोल दिलेत, सतरंज्या दिल्यात, भजनाला पेटी दिलीय. चामड्याचा सूट देता येणार नाही असं कुठे लिहिलेलं नाही. प्रवेश फी परस्पर भरू. पण मणेर, देणार मंडळाला. तेव्हा मंडळ काढा."

साबीरने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा परवीन भाकरी थापत होती.

"अध्यक्ष कोण?" तिने विचारलं.

"तू."

"ज्या गाडीला मी एक रुपया देनार न्हाई म्हनले, तिच्या मंडळाची अध्यक्ष मी?"

"दुसरा कुणी देत आसंल तर पळवा, आसं तूच म्हनालीस. आता देतोय."

परवीनने भाकरी उलटली. आपलंच वाक्य असं कागदपत्रांसह परत येईल असं तिला वाटलं नव्हतं. ओसरीवरून बाबालाल म्हणाले, "मग खजिनदार मला करा."

"तिजोरीत काय न्हाई, अब्बा," साबीर म्हणाला.

"म्हनूनच म्हनतोय. आता या वयात हिशेब झेपत न्हाई."

शेखरला कार्याध्यक्ष केलं, कारण कार्य करणारा तो एकटाच होता. लेटरहेड परवीनने संगणकावर मांडलं: मणेर मोटार क्रीडा मित्र मंडळ, पौड. साबीरचं म्हणणं पडलं की स्थापनेचं साल जरा मागचं टाकावं, म्हणजे वजन येतं. ती म्हणाली, "खोटं ल्हायचं आसंल तर अध्यक्ष दुसरा बघा," आणि तिने चालू साल टाकलं. कोंडाजींनी पहिल्या सभेचा ठराव लिहून दिला. त्यात 'सदर गाडी मंडळाचे ताब्यात राहील' असं एक वाक्य त्यांनी आपल्या मनाने घातलं, कारण त्यांच्या साच्यात ताब्याचा उल्लेख नसला की अर्ज अपुरा वाटतो. सगळ्यांनी सह्या केल्या. ते वाक्य कुणी वाचलं नाही, अध्यक्ष सोडून.

दिवाळीच्या आधी चार दिवस सूट आला. काळा, साबीरच्या मापाचा, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'अभेद्य'. साबीर तो घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा बाबालाल म्हणाले, "टेंपोचं सीट कवर वाटतंय," पण म्हणताना बाहीवरून हात फिरवून चामडं बघून घेतलं. टाकीवरचं नाव साबीरला टाकीभर मोठं पाहिजे होतं. परवीनने ते निम्मं केलं आणि भोवती जागा सोडली. "ओरडून सांगितलं की लोक कानाडोळा करत्यात," ती म्हणाली. बारा वर्षं लोकांची नावं लावून झाल्यावर दुकानाला हा शोध लागला.

घोर लावला तो शेखरने. टाकीकडे बघत तो म्हणाला, "साबऱ्या, 'अभेद्य' ल्हेलंयस खरं. पर फुटलं तर?"

याचा विचार शुभांगीनेही केला होता. सुटाबरोबर तिने गॅस्केटचा कागदही पाठवला होता आणि स्पष्ट सांगितलं होतं की कागद कंपनीचा आहे, नाव कंपनीचं आहे. भर मिस्त्रींच्या गर्दीत तेल गळालं तर पुढच्या वर्षी मंडळाला सतरंजीसुद्धा मिळणार नाही, आणि तिचं मशीनही गेलं. आणि कुणी देत नसेल तर काय, हे परवीनने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे नाव नव्हतं तेव्हा साबीरला फक्त दुसऱ्या गाडीला हरवायचं होतं. आता स्वतःच्या गाडीतल्या कागदालाही सांभाळायचं होतं.

डिसेंबरात शर्यत लागली. शेखरच्या टेंपोत गाडी आणि मागून एसटीने अध्यक्ष, अशी मंडळाची मिरवणूक घाट चढली. परवीनने लग्नानंतर बारा वर्षांत हा खेळ पाहिला नव्हता. पहिली जोडी सुटली तेव्हा ती पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती. वर बघेपर्यंत संपली. "एवढंच?" ती म्हणाली. पण नंतर तिने वही काढली आणि प्रत्येक धावेला जाडी, वेळ आणि इंजिन उघडल्यावर कागद कसा निघाला, ते लिहायला सुरुवात केली. दुपारपर्यंत तिला आवाजावरून कळायला लागलं की कुणाचा गिअर उशिरा पडला.

बंडोपंत दुसऱ्या दिवशी आले, कानटोपी घालून, शुभांगी मॅडमना घेऊन. फाइलला कार्यक्रमाचा फोटो लागतो. "उद्घाटन कुणाच्या हस्ते?" त्यांनी विचारलं. उद्घाटन नाही हे कळल्यावर त्यांनी पिशवीतला नारळ परत आत ठेवला. धावत्या गाडीचे चार फोटो त्यांनी काढले; चारांत रिकामी धावपट्टी आली.

जुन्या टू-स्ट्रोकच्या गटात साबीर जाड पॅकिंगवर, तेरा पॉइंट आठमध्ये दोन जोड्या जिंकून उपांत्य फेरीत आला. समोर ऋषिकेश.

शेखरने पातळ पॅकिंग आधीच हातात घेऊन ठेवलं होतं. "हे घालू. दोन दशांश कमी व्हत्यात. न्हाईतर ऋष्याच्या बाहेरनं मागवलेल्या किटापुढं आपली गाडी उभी दिसंल."

"आन् फुटलं तर?" परवीनने विचारलं.

साबीरने टाकीकडे बघितलं. आठ वर्षं तो या पट्टीवर येत होता आणि उपांत्य फेरीत पहिल्यांदाच उभा होता. पातळ घालावं असं त्याच्या हातांना वाटत होतं. गेल्या वर्षीचा साबीर असता तर विचारायलाही थांबला नसता. फुटलं असतं तर फुटलं असतं, गाडी त्याची, धूर त्याचा.

"मधलं घाल," तो म्हणाला.

"मधलं घालून कोण जिंकलंय का आजपतुर?"

"जिंकले नसतील. पुढच्या सालाला आलेत."

शेखरने तोंड वाकडं केलं आणि मधलं घातलं. परवीनने वहीत 'मधलं' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

दिवे उतरत आले, हिरवा लागला. साबीर चांगला सुटला. अर्ध्या पट्टीपर्यंत त्याचं चाक पुढे होतं आणि हेल्मेटच्या आत तो बहुधा काहीतरी बोलत होता. शेवटच्या शंभर मीटरला ऋषिकेशच्या गाडीचा दम दिसला. ती सरळ निघून गेली. ऋषिकेश तेरा पॉइंट चार. साबीर तेरा पॉइंट सहा, म्हणजे त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ, आणि हरलेली.

पण रेघेच्या पुढे ऋषिकेशच्या गाडीने पांढरा धूर सोडला. साबीरची गाडी तेलाचा थेंब न सांडता परत आली. शेखरने इंजिन उघडलं, शुभांगीने कागद उजेडात धरला आणि तिचा चेहरा मुंबई ऑफिसने मशीन मंजूर केल्यासारखा समाधानी झाला.

दहा मिनिटांनी ऋषिकेश आला, हातमोजे काढत. "भाभी, साबीरभाई कुटंय? माझं पॅकिंग गेलं. फायनलला एक तास ऱ्हायलाय. तुमच्याकडचं एखादं बसंल का?"

"बसंल," साबीर मागून म्हणाला. "गाडी एकाच साच्यातली हाय. पातळ का मधलं?"

"तू कुठलं घातलंवतंस?"

"मधलं."

"मग तेच दे."

परवीनने पॅकिंग जपून ठेवलेल्या फाइलमधून एक काढून दिलं आणि त्याचं नाव वहीत लिहिलं. ते बघून शेजारच्या गाडीचा मिस्त्री आला, मग त्याच्या शेजारचा. सगळे साबीरच्या उभ्या गाडीपाशी वाकून बसले. कागद कुठला, जाडी किती, कापला कशावर. शुभांगी उत्तरं देत होती आणि अध्यक्ष नावं लिहीत होत्या. बंडोपंतांनी लांबून ते बघितलं आणि त्या दिवसातला एकमेव नीट फोटो काढला: एक स्थिर गाडी आणि तिच्याभोवती अकरा माणसांच्या पाठी. "हा फाइलला चालेल," ते म्हणाले. "अर्ज पुढच्या वर्षी जूनमध्येच द्या. गणपतीच्या गर्दीत अडकतो. आणि एवढं पावतीपुस्तक छापून घ्या हो, माझ्यासाठी."

फायनल ऋषिकेश हरला, पण पॅकिंगमुळे नाही. हिरवा लागायच्या आधी सुटला आणि बाद झाला.

उन्हं उतरली तशी माणसं पांगायला लागली. साबीर आणि शेखर गाडी टेंपोत चढवत होते. ऋषिकेश कडेला उभ्या परवीनजवळ आला. चषक नव्हता, पण पोरगा खुशीत होता.

"भाभी, मग गाडीचं काय ठरलं? दिवाळी तर झाली."

"गाडी आता मंडळाच्या ताब्यात हाय," परवीन म्हणाली. "तसा ठराव हाय. द्यायची म्हणलं तर सभा घ्यावी लागंल."

"मग घ्या की सभा. तुमीच तर अध्यक्ष."

"घेते की."

"कवा?"

परवीनने वही पिशवीत टाकली. "पुढची शर्यत झाल्यावर."

टेंपोच्या फाळक्याआड साबीर दोरीला गाठ मारत होता. त्याने वर बघितलं नाही. फक्त ती गाठ सोडली आणि पुन्हा, जरा जास्त आवळून मारली.